करिंथची ओढणी: ख्रिस्ती स्त्रीचा वेश आणि शास्त्रवचनाचा संदर्भ

ख्रिस्ती धर्माच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात स्त्रीने काय नेसावे, डोके झाकावे की नाही आणि दागिने घालावेत की नाहीत, या प्रश्नांवर धर्मगुरूंनी, धर्मसभांनी आणि धर्मशास्त्रज्ञांनी जेवढे लिहिले, त्यातले बहुतेक नव्या करारातील तीन लहान उताऱ्यांवर आधारलेले आहे. पहिला उतारा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, दुसरा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आणि तिसरा पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतो. हे तिन्ही उतारे पत्रांतले आहेत, म्हणजे विशिष्ट गावांतल्या विशिष्ट माणसांना, त्यांच्यापुढील अडचणी लक्षात घेऊन लिहिलेले आहेत, आणि ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवली की नाही यावर त्यांचा पुढचा सगळा इतिहास घडला. वचन संदर्भाने वाचणे म्हणजे ते कोणी, कोणाला, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी लिहिले हे पाहून मगच त्यातला कायमचा उपदेश कोणता आणि त्या काळापुरती रीत कोणती हे ठरवणे.

करिंथ हे शहर ग्रीसच्या दोन भूभागांना जोडणाऱ्या अरुंद पट्टीवर, दोन समुद्रांच्या मध्ये वसलेले होते. रोमन सेनापती मम्मियस याने इ. स. पूर्व १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केले आणि सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने तेथे रोमन वसाहत स्थापन केली. तिच्या पहिल्या रहिवाशांत गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचा भरणा मोठा होता. त्यामुळे प्रेषित पौल इ. स. ५०च्या सुमारास तेथे पोहोचला तेव्हा गाव ग्रीक भूमीवर असले तरी त्याचा कारभार आणि प्रतिष्ठेच्या कल्पना रोमन होत्या. पौल तेथे दीड वर्ष राहिला आणि तंबू बनवणाऱ्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर त्याच धंद्यात राबला. जवळच्या किंख्रिया बंदरातील मंडळीची सेविका फिबी हिचा तो रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदराने उल्लेख करतो. ज्या मंडळीला त्याने डोके झाकण्याविषयी लिहिले, तिच्या आसपास स्त्रिया अशा जबाबदारीने वावरत होत्या.

अकरावा अध्याय सलग वाचला तर पहिली लक्षात येणारी गोष्ट अशी की, त्यात स्त्रिया मंडळीसमोर प्रार्थना करतात आणि ईश्वरी संदेश देतात हे गृहीत धरलेले आहे. पौलाचा आक्षेप त्यांच्या बोलण्याला नाही. बोलताना डोक्यावर वस्त्र नसण्याला आहे. दुसरी गोष्ट अशी की त्याच दमात त्याने पुरुषांनाही डोके झाकून प्रार्थना करू नये असे बजावले आहे. पुढे तो म्हणतो की प्रभूच्या ठायी स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही, वाचकांनी आपले आपणच ठरवावे असेही सांगतो, आणि शेवटी मंडळ्यांच्या रूढीचा हवाला देऊन विषय मिटवतो. नंतरच्या शतकांत या अध्यायातील डोके झाकण्याचे वाक्य वारंवार उचलले गेले, पण पुरुषांना केलेली सूचना आणि परस्परावलंबनाचे विधान यांना तेवढे वजन मिळाले नाही.

त्या काळच्या रोमन रिवाजाकडे पाहिले की पौलाची भाषा उलगडू लागते. रोमन पुरुष देवाला बळी अर्पण करताना अंगावरच्या टोग्याचा, म्हणजे प्रतिष्ठित नागरिकाच्या लांब वस्त्राचा, काठ डोक्यावर ओढून घेत असत. करिंथच्या उत्खननात सापडलेला सम्राट ऑगस्टसचा पुतळा अशाच झाकलेल्या डोक्याचा आहे. म्हणून ख्रिस्ती प्रार्थनेत एखाद्या पुरुषाने डोके झाकले तर ते मूर्तिपूजेच्या विधीची किंवा सामाजिक मोठेपणाची खूण ठरण्याचा संभव होता, असे अनेक अभ्यासक मानतात. स्त्रियांच्या बाबतीत खूण उलटी होती. विवाहित, कुलीन स्त्री घराबाहेर पडताना पाला नावाचे मोठे वस्त्र अंगाभोवती घेऊन त्याचा एक भाग, मराठी स्त्री डोक्यावरून पदर घेते तसा, डोक्यावर घेई. गायस सल्पिसियस गॅलस या रोमन अधिकाऱ्याने आपली पत्नी डोके न झाकता बाहेर गेली एवढ्यावरून तिला सोडचिठ्ठी दिली, अशी हकिकत पौलाच्याच शतकातील लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस नोंदवतो. त्याच्या काळालाही हे वर्तन जुन्या वळणाचे आणि कठोर वाटत होते, परंतु उघडे डोके, विवाह आणि अब्रू यांची सांगड त्या समाजात किती पक्की होती हे त्यातून कळते.

अशा गावात नवी, लहान आणि संशयाने पाहिली जाणारी मंडळी घराघरांत जमत होती आणि अविश्वासी शेजारीही तिच्या सभेत येऊन बसत. विवाहित स्त्रीने तेथे डोके उघडे ठेवले असते तर तिच्या पतीची, तिची स्वतःची आणि मंडळीची बदनामी झाली असती. स्त्रीला बोलू द्यावे, मात्र तिच्या बोलण्याला लोकापवादाचे गालबोट लागू नये, ही या सूचनेमागची दृष्टी होती.

दागिन्यांविषयीच्या दोन उताऱ्यांनाही असाच आधार आहे. तीमथ्याच्या पत्रात गुंफलेले केस, सोने, मोती आणि भारी वस्त्रे यांऐवजी सत्कर्मांचा अलंकार ल्यावा असे सांगितले आहे. मोती ही रोमन जगातील अतिश्रीमंतांची चैन होती आणि गुंतागुंतीची केशरचना करायला हाताशी दासी असावी लागे, म्हणून हा उपदेश प्रामुख्याने धनाच्या प्रदर्शनाविरुद्ध आहे. गरीब आणि गुलाम ज्या सभेत शेजारी बसत, तेथे अशा प्रदर्शनाने मंडळीत दुफळी पडली असती. पेत्राच्या पत्रात केस गुंफणे आणि सोने घालणे यांच्याच ओळीत वस्त्रे घालण्याचाही उल्लेख आहे. ते वाक्य सरळ बंदी म्हणून वाचले तर कपडे घालणेच निषिद्ध ठरेल. तसे कोणीही वाचत नाही, कारण भर कशावर आहे हे प्रत्येक वाचक आपोआप ओळखतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्तोम या प्रवचनकाराने श्रीमंत स्त्रियांच्या दागिन्यांवर कोरडे ओढले तेव्हा त्याच्या बोलण्याचा रोख वारंवार दाराशी उपाशी बसलेल्या गरिबाकडे वळत असे. या वचनांचा गाभा त्याने अचूक पकडला होता.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे टर्टुलियन या लेखकाने अविवाहित मुलींनीही डोके झाकावे म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या ग्रंथाची गरज भासली यावरूनच कार्थेजच्या मंडळीत अनेक कुमारिका उघड्या डोक्याने येत असत हे सिद्ध होते. टर्टुलियनचे म्हणणे असे की ख्रिस्ताने स्वतःला सत्य म्हटले आहे, रूढी म्हटलेले नाही, म्हणून रूढीने सत्याला अडवू नये. परंतु आपल्या मताच्या पुष्टीसाठी तोच पुढे करिंथच्या मंडळीत कुमारिका आजही डोके झाकतात असा दाखला देतो, म्हणजे एका गावची रूढी मोडण्यासाठी दुसऱ्या गावच्या रूढीला साक्षीला बोलावतो.

चौथ्या शतकाच्या मध्याला आशिया मायनरमधील गांग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने संन्यस्त वृत्तीच्या नावाखाली पुरुषी वस्त्रे घालणाऱ्या आणि केस कापणाऱ्या स्त्रियांना बहिष्कृत करणारे कॅनन, म्हणजे धर्मसभेने घातलेले नियम, संमत केले. त्यांचा रोख कडक संन्यस्त जीवनाचा पुरस्कार करणाऱ्या युस्टेथियसच्या अनुयायांवर होता. विवाहाला तुच्छ लेखून कुटुंबे मोडणारा पंथ अशी त्यांची ख्याती होती. पुढे वाद संपला, पंथ विरला आणि नियम मात्र संदर्भावाचून उरले.

पुरुषी वेशाविषयीचे मूळ वचन जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याचा अर्थ लावताना असे नोंदवले की ही बंदी मूर्तिपूजकांच्या विधींत वेशांची अदलाबदल होत असे म्हणून घातली गेली होती. असा वेश एरवी दोषास्पद असला तरी शत्रूपासून लपण्यासाठी किंवा दुसरे वस्त्र नसेल तेव्हा स्त्रीने तो घातल्यास पाप लागत नाही, असेही त्याने स्पष्ट लिहिले. युरोपातील सर्वांत मान्यवर धर्मशास्त्रज्ञाचे हे मत उपलब्ध असताना १४३१ साली रूआं येथे जोन ऑफ आर्कवर चाललेल्या खटल्यात तिचा पुरुषी वेश आरोपांमध्ये अग्रभागी राहिला. शत्रूच्या सैनिकांच्या पहाऱ्यातील कोठडीत तिने तो पुन्हा घातला, हे ती धर्मभ्रष्टतेकडे वळल्याचे चिन्ह मानले गेले आणि ३० मे रोजी तिला जाळण्यात आले. १४५६ साली फेरचौकशीत तो निकाल रद्द झाला. वचनाचा हेतू बाजूला सारून त्याची अक्षरे तेवढी हाती धरली की काय घडते, याचे याहून दारुण उदाहरण शोधावे लागत नाही.

सोळाव्या शतकात जिनिव्हातील सुधारक जॉन कॅल्विन याने डोके झाकण्याचा प्रश्न मंडळीच्या शिस्तीत घातला, तारणासाठी आवश्यक अशा बाबींत घातला नाही. शेजाऱ्याच्या मदतीला धावताना स्त्रीला डोके झाकायला सवड मिळाली नाही, तर उघड्या डोक्याने धावण्यात तिचा अपराध नाही, असे त्याने आपल्या मुख्य ग्रंथात सांगितले. रोमन कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९१७च्या धर्मसंहितेतील १२६२ व्या कलमाने उपासनेच्या वेळी स्त्रियांनी डोके झाकावे असा नियम घातला. १९७६ साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंत्रालयाने स्त्रियांच्या याजकपदाला नकार देणाऱ्या निवेदनातच, डोके झाकण्याची रीत ही त्या काळच्या चालीरीतींतून आलेली गौण बाब असून तिचे बंधन आता उरलेले नाही, असे नमूद केले आणि १९८३च्या नव्या संहितेत ते कलम आलेच नाही. स्त्रियांच्या अधिकाराविषयी जुनी भूमिका राखणाऱ्या संस्थेनेही वस्त्राचा प्रश्न काळाचा आहे हे मान्य केले, म्हणून या निवेदनाचे महत्त्व अधिक आहे.

भारतात हा प्रश्न आला तेव्हा त्याला वंश, जात आणि सत्ता यांचे पदर चिकटले. रोममधील धर्मप्रसार मंडळाने १६५९ साली पूर्वेकडील आपल्या प्रतिनिधींना अशी सूचना दिली होती की, जे उघडपणे धर्म आणि नीती यांच्या विरुद्ध नाही असे लोकांचे रीतिरिवाज बदलण्याचा आग्रह धरू नये आणि युरोपातील देश तेथे उचलून नेऊ नयेत. तरीही पोर्तुगीज गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे श्रद्धेची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना पुडवे, म्हणजे धोतर, आणि स्त्रियांना चोळी वापरण्याची मनाई केली. अ. का. प्रियोळकर यांनी आपल्या संशोधनातून या फर्मानाचा तपशील वाचकांपुढे आणला. चोळीने अंग झाकले जात होते, म्हणून येथे शालीनतेचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या हिंदू स्त्रीशी असलेले साम्य पुसून टाकणे हा हेतू होता, आणि बायबलमधील कोणतेही वचन त्याला आधार देत नाही.

त्रावणकोरमध्ये एकोणिसाव्या शतकात नेमके उलटे घडले. तेथे नाडार, म्हणजे चन्नार, स्त्रियांना उच्च जातींसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. लंडन मिशनरी सोसायटीच्या मंडळ्यांत आलेल्या स्त्रिया अंग झाकू लागल्या तेव्हा त्यांच्यावर भर बाजारात हल्ले झाले आणि त्यांची वस्त्रे फाडली गेली. १८२९च्या राजाज्ञेने त्यांना उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वरचे वस्त्र घेण्यास मनाई करून सैल अंगरखा तेवढा मान्य केला आणि १८५९ साली, मोठ्या दंगलींनंतर, उच्चवर्णीयांच्या धाटणीने न घेण्याच्या अटीवर अंग झाकण्याचा हक्क मिळाला. मिशनरी याकडे शालीनतेच्या दृष्टीने पाहत होते, पण त्या स्त्रियांना मानही हवा होता, म्हणूनच अंगरखा मिळाल्यावरही त्यांनी वरच्या वस्त्रासाठी झुंज चालू ठेवली. करिंथमध्ये झाकलेले डोके ज्या प्रतिष्ठेची खूण होते, तीच प्रतिष्ठा त्या मागत होत्या.

डोके झाकणे आजही बंधनकारक आहे असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. ते म्हणतात की पौल सृष्टीच्या निर्मितीचा आणि देवदूतांचा आधार घेतो, म्हणून त्याची सूचना एका गावापुरती असू शकत नाही. आमिश, काही ब्रदरन आणि अनेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ही रीत श्रद्धेने पाळतात आणि तिच्यातील भक्तिभाव खरा आहे. परंतु निर्मितीचा आधार स्त्री आणि पुरुष यांच्या नात्याविषयीच्या तत्त्वाला आहे, ते तत्त्व कोणत्या वस्त्राने दाखवावे ही गोष्ट रूढीची आहे, आणि पौल स्वतःच शेवटी रूढीकडे बोट दाखवतो. एकमेकांना पवित्र चुंबनाने नमस्कार करा ही त्याच पत्रातील सूचना बहुतेक मंडळ्या हात जोडून किंवा हस्तांदोलन करून पाळतात आणि त्यात आज्ञाभंग झाला असे कोणाला वाटत नाही. मग हाच न्याय स्त्रीच्या डोक्यावरील वस्त्राला नाकारण्याचे कारण उरत नाही.

पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले आणि त्याच्या छपाईचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांच्या हातून झाले. ज्या ग्रंथाच्या आधारे स्त्रियांना शतकानुशतके नियम सांगितले गेले, तो संपूर्ण ग्रंथ साध्या बायकांना स्वतः वाचता यावा हा त्यामागील ध्यास होता. मराठी मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी आजही अनेक स्त्रिया डोक्यावर पदर घेतात, अनेक घेत नाहीत, आणि दोघींच्या उपासनेत उणे काही नाही. मात्र जो कोणी करिंथच्या पत्राचा दाखला देऊन स्त्रीला पदर घ्यायला सांगतो, त्याने तोच अध्याय पूर्ण वाचून तिला मंडळीसमोर उभे राहून प्रार्थना करू द्यावी आणि संदेशही देऊ द्यावा, कारण पौलाने त्या मंडळीत हे दोन्ही हक्क तिच्याकडे आहेत असे धरूनच वस्त्राचा विषय काढला होता.