पटकी आणि आतड्याचे अखंड अस्तर

पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, हा समज एकोणिसाव्या शतकापासून रूढ होता. हे अस्तर म्हणजे कडेला कड घट्ट सांधलेल्या अभिस्तर पेशींचा एकच थर. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. तरीही तो भाग पाण्याने फुगला. अर्थात, कर्ता जंतूंचे विष होते. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बँकॉकच्या रुग्णांच्या अभ्यासात अस्तर अखंड आढळले. पेशी शाबूत, म्हणून ग्लुकोजसोबत मीठ-पाणी शोषण्याची वाटही शाबूत! १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांना दिलीप महालनोबिस यांनी तेच पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. डे यांना मात्र १९८५ मधील निधनापर्यंत मायदेशी मोठा सन्मान लाभला नाही.