जिगसॉ (अवजार)

जिगसॉ हे लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक व धातूचा पत्रा कापण्यासाठी वापरले जाणारे, हातात धरून चालवायचे विद्युत अवजार आहे. यातील पाते वेगाने खालीवर होते. पाते अरुंद असल्याने वक्र रेषेत कापता येणे हे याचे मुख्य वैशिष्ट्य होय. लांब व सरळ कापासाठी गोलाकार करवत अधिक अचूक ठरते.

== इतिहास ==
स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीचे अभियंते आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ मध्ये शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवले. त्यातून विकसित झालेले अवजार कंपनीने १९४७ मध्ये ‘लेस्टो’ या नावाने बाजारात आणले. पुढे ही कंपनी बॉश समूहात सामील झाली.

== रचना ==
मोटरीच्या चक्राकार गतीचे रूपांतर पात्याच्या खालीवर गतीत होते. बहुतेक यंत्रांत वेग कमीअधिक करता येतो; तो मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांपर्यंत जातो. धातूचे बूड तिरप्या कापासाठी सहसा ४५ अंशांपर्यंत झुकवता येते. अनेक यंत्रांत पात्याला पुढेमागे दोलन देण्याची सोय असते. दोलनामुळे लाकूड लवकर कापले जाते, पण कड खडबडीत होते. म्हणून धातूसाठी व सफाईदार कापासाठी दोलन बंद ठेवतात.

== पाती ==
पात्याचा वरचा भाग बहुधा ‘टी’ किंवा ‘यू’ आकाराचा असतो व तो यंत्राशी जुळावा लागतो. लाकडासाठी मोठ्या व विरळ दात्यांची, तर धातूसाठी बारीक व दाट दात्यांची पाती वापरतात. लहान त्रिज्येच्या वळणांसाठी अधिक अरुंद पाते लागते.

== कापण्याची पद्धत ==
सामान्य पात्याचे दाते वरच्या दिशेने कापतात, त्यामुळे कपचे वरच्या पृष्ठभागावर उडतात. म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवून आखणी मागील बाजूस करतात. सिंकसाठी लॅमिनेट लावलेला फळा वरूनच कापावा लागल्यास उलट दात्यांचे पाते वापरता येते. आतील भाग कापण्यासाठी आधी पात्याहून रुंद छिद्र पाडून तेथून सुरुवात करतात. बूड पृष्ठभागाला पूर्ण टेकलेले असावे. जाड लाकडात यंत्र जोराने रेटल्यास किंवा बाजूला दाबल्यास पाते वाकते आणि खालचा काप वरच्या रेषेपासून ढळतो.

== सुरक्षितता ==
* पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा किंवा बॅटरी वेगळी करावी. नुकतेच वापरलेले पाते तापलेले असते.
* वस्तू क्लॅम्पने घट्ट बसवावी. कापाखाली हात नेऊ नये, कारण पाते वस्तूच्या खालून बाहेर येते.
* पाते वस्तूला टेकलेले नसताना यंत्र सुरू करावे. बंद केल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र उचलू नये; अन्यथा पाते आपटून यंत्र उसळू शकते.
* डोळ्यांना गॉगल व भुशापासून बचावासाठी मास्क वापरावा. सैल कपडे टाळावेत आणि वायर कापाच्या रेषेपासून मागे ठेवावी.
* भिंतीवरील फळा कापण्याआधी मागे विजेच्या तारा किंवा पाण्याचे नळ नाहीत याची खात्री करावी.