चित्रावरची अक्षरं

लग्नाच्या कॅसेटवर वधूवरांची नावं टाकायचं काम मी केडगावात बरीच वर्षं केलं. नगर शहराला लागून, पुण्याच्या रस्त्यावर आमचं केडगाव. लग्नसराईत शूटिंग करणारे वेगळे आणि ‘मिक्सिंग’ करणारे वेगळे. मी मिक्सिंगवाला. पत्रिका समोर ठेवायची, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ नीट बघून घ्यायचं आणि नावं चित्रावर चढवायची. लोकांना हे काम किरकोळ वाटतं. पण त्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक धडा मी फार उशिरा शिकलो.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तो मूकपट होता. पात्रांचं बोलणं आणि गोष्टीतले दुवे पाट्यांवर लिहिलेले असत. चित्र थांबायचं, पाटी यायची, प्रेक्षक ती वाचायचे, वाचता न येणाऱ्यांना शेजारचा वाचून दाखवायचा, आणि चित्र पुन्हा सुरू व्हायचं. अक्षरांची जागा वेगळी आणि चित्राची वेगळी.

पुढे चालत्या चित्रावरच अक्षरं हवीशी वाटू लागली. त्यासाठी काळ्या फलकावर पांढरी अक्षरं काढून त्यांचं स्वतंत्र चित्रण करीत आणि मग अक्षरांची फिल्म व दृश्याची फिल्म मिळून तिसऱ्या, नव्या फिल्मवर उतरवीत. काम खर्चाचं आणि वेळखाऊ होतं. पण त्यात एक सोय आपोआपच होती. मूळ निगेटिव्ह कोरी राहायची. नाव चुकलं, तर पुन्हा छापता यायचं.

हेच काम संगणकाने कसं करायचं, याचं उत्तर १९७७ च्या सुमारास अमेरिकेत सापडलं. संगणकावरच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी त्याला चौथा आकडा जोडला. हा ठिपका किती झाकतो आणि खालचं किती दिसू देतो, हे तो आकडा सांगतो. त्याला ‘अल्फा’ म्हणतात. एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याचं पुरतं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडलं. या चौघांना १९९६ साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज टीव्हीवर बातमीखाली जी पट्टी धावते, ती याच गणितावर.

केडगावच्या माझ्या खोलीत मात्र हे गणित रोज अडायचं. कारण कापाकापीचा प्रोग्रॅम एक आणि अक्षरं सजवण्याचा दुसरा. बाहेरही त्यांचा जन्म वेगवेगळाच झालेला. प्रीमियर १९९१ चा, तर आफ्टर इफेक्ट्स १९९३ चा. एकातलं काम दुसऱ्यात न्यायचं, तर सर्वांत खात्रीची वाट म्हणजे चित्रांची माळ. व्हिडिओ एका सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवतो. प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ठिपक्यामागे चार आकडे. म्हणजे एक चित्र सोळा लाख बाइटांहून मोठं. दहा सेकंदांच्या नावासाठी अडीचशे चित्रं आणि चारशे एमबी जागा!

एवढं करूनही अक्षरांभोवती कधी काळी कडा यायची. अक्षराची किनार अर्धवट पारदर्शक असते. पहिल्या प्रोग्रॅमने ती आधीच काळ्यात मिसळून पाठवलेली असायची, आणि ते ठाऊक नसल्याने दुसरा पुन्हा तेच गणित करायचा. हे मला कळायला एक अख्खी लग्नसराई गेली.

देवनागरीची तऱ्हा आणखी निराळी. तेव्हा प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की वधूपित्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पाला. पुढे युनिकोड आलं. पण आमच्यासारख्यांच्या संगणकांवर जोडाक्षर जुळवण्याची समज सगळ्या प्रोग्रॅमना नव्हती. ‘चि.’ची वेलांटी ‘च’च्या पलीकडे जाऊन बसायची आणि ‘लग्न’मधला ‘ग’ पाय मोडून उभा राहायचा. यावर तोडगा एकच. अक्षरांचं चित्र करायचं आणि ते चित्र न्यायचं. पण एकदा चित्र झालं, की त्यातली चूक खोडता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. त्या काळच्या डीव्ही कॅसेटचं एक तासाचं चित्रण संगणकावर तेरा जीबी जागा घ्यायचं. हार्ड डिस्क लहान, नवी कॅसेट महाग. त्यामुळे नावं टाकलेली तयार प्रत गिऱ्हाइकाला दिली की मी डिस्क पुसायचो आणि तीच कॅसेट पुढच्या लग्नाला द्यायचो.

२००४ च्या एका लग्नात नवरीची आजी मंडपात खुर्चीवर बसून कॅमेऱ्याकडे बघत होती. दृश्य स्थिर होतं, लांबीला पुरेसं होतं. मी त्यावरच मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’ आणि खाली दोघांची नावं टाकली. सगळ्यांना आवडलं.

पंधरा वर्षांनी ती नवरी माझ्याकडे आली. आजी वारल्या होत्या. हलत्या चित्रातल्या आजी तेवढ्याच. तिने विचारलं, “दादा, ही अक्षरं काढता येतील का?”

मी कपाट उपसलं. त्या कॅसेटवर आता दुसऱ्याच कुणाची वरात होती. अक्षरांखाली काय होतं, हे कुठेच उरलेलं नव्हतं. हल्लीचे प्रोग्रॅम झाकलेला भाग अंदाजाने भरून देतात. पण आजींच्या कपाळावरचं गोंदण त्या अंदाजाला कुठून ठाऊक असणार?

मी तसं सांगितलं. ती पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “राहू द्या मग. नाव माझंच आहे.”

तेव्हापासून माझा नियम झाला. अक्षरं वेगळी ठेवायची आणि नावं न टाकलेली कोरी प्रत गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. तुमच्या घरी लग्नाची, बारशाची, वाढदिवसाची जुनी कॅसेट असेल, तर संगणकावर उतरवून घ्या. शूटिंगवाला अजून भेटत असेल, तर नावं न टाकलेली प्रत त्याच्याकडे आहे का, हेही विचारून ठेवा. बहुतेकांकडे नसेल. एखाद्याकडे असेलही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)