पुसलेल्या फिती आणि एक मासिक

नाशिक जिल्ह्यातील हरसूल व त्याच्या आसमंतातील आदिवासी गावांत बोहाडा होतो. संबळाच्या तालावर रात्रभर देवदानवांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. मुखवटा तोच राहतो, त्यामागचा माणूस पिढीगणिक बदलतो; आणि कित्येक गावी अमुक सोंग अमुक घराण्याचेच, अशी वहिवाट आहे. घराण्याची आठवण हेच ह्या खेळाचे दप्तर होय.

ह्या दप्तराची किंमत कळावयाची असेल तर, श्रोतेहो, साता समुद्रांपलीकडचा एक खेळ पाहण्याजोगा आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीने दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामालिका सुरू केली. पोलिसांच्या टेलिफोनच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रातून काळात व अवकाशात हिंडणारा हा डॉक्टर. १९६६ साली त्याची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे निवृत्त झाले, तेव्हा डॉक्टर देह पालटतो अशी युक्ती योजून पॅट्रिक ट्रॉटन ह्यांना उभे केले. बोहाड्यात मुखवटा तरी टिकतो; येथे मुखही बदलले, नाव तेवढे राहिले.

परंतु ज्या संस्थेने हे सोंग उभे केले, तिनेच ते पुसले. चित्रफिती महाग होत्या; म्हणून १९७८ पर्यंत जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. कित्येक भागांचे चित्र कायमचे हरपले. ध्वनी मात्र प्रत्येक भागाचा उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपून घेतला होता. हरसूलकडचे सोंग ज्या घराकडे, ते घर रोजगारासाठी गाव सोडून गेले तर काय उरेल, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

अशा हौशी प्रेक्षकांसाठी मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘डॉक्टर हू वीकली’ काढले. चित्रकथा हे त्याचे मुख्य आमिष. पुढच्याच वर्षी ते मासिक झाले. असल्या नियतकालिकाचे आयुष्य वास्तविक मालिकेइतकेच असावयाचे. पण १९८९ साली मालिका बंद पडली आणि मासिक चालूच राहिले. १९९६ चा एक चित्रपट सोडला, तर २००५ पर्यंत पडद्यावर फारसे नवे काही आले नाही. तेव्हा मासिकाने जुने खणावयास घेतले. कोणता भाग केव्हा चित्रित झाला, संहितेतून काय गळले, ह्याची टिपणे अँड्र्यू पिक्सली ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी दप्तरे चाळून छापली. त्या कोरड्या नोंदींना मी चित्रकथांहून अधिक मोल देतो.

२००५ साली मालिका पुन्हा उभी करणारे रसेल टी. डेव्हिस बालपणापासून तिचे भक्त होते. आणि निर्मितीची हकीकत सांगणारे सदर ते ह्याच मासिकात लिहू लागले.