गडाचे पाणी आणि पाण्याची वाट

गडकोटांवरची टाकी मी गेली कित्येक वर्षे मोजत आलो आहे. लांबी, रुंदी, खोली. त्यावरून पाणी किती मावेल आणि किती शिबंदीला किती महिने पुरेल, असा हिशेब. या हिशेबातून काहीतरी सुटते आहे हे मला एका संगणकीय खेळाने दाखवले, हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा तो खेळ. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन भावांनी तो २००६ मध्ये लोकांपुढे आणला. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी निवडला. डोंगर पोखरून बुटक्यांची वसाहत वसवायची, शेती-भट्ट्या चालवायच्या, हल्ले परतवायचे. भाच्याने मला तो शिकवला. गंमत अशी की हे बुटके धडधाकट असतात तोवर मद्यावर भागवतात. पाणी लागते ते जखमींना. अंथरुणावरच्याला दुसऱ्याने बादलीने आणून पाजावे लागते, जखमा धुवाव्या लागतात, आणि पाणी घाण असेल तर त्या चिघळतात. म्हणजे पाण्याची खरी गरज लढाईनंतर, दरवाजे बंद असताना.

मी नदीपासून चर खणून पाणी आतल्या उघड्या हौदात आणले. पहिल्या खेपेला भोजनगृहच बुडाले, कारण ते नदीच्या पातळीखाली होते. दुसऱ्या खेपेला पाणी बेतात राहिले, पण त्याच चरातून नदीतले एक जनावर पोहत आत शिरले आणि जखमीसाठी बादली भरणाऱ्याला त्याने हौदात ओढले. तटाला भगदाड मीच पाडले होते. “मामा, पाणी येतं तिथून सगळंच येतं,” भाचा म्हणाला.

इ. स. ५३६ मध्ये नेपल्स असेच पडले. बेलिसॅरियसने वेढा घालून शहराचा उंचावरून येणारा पाणीकालवा तोडला. आत विहिरी होत्या, त्यामुळे लोकांना त्याची फारशी झळ लागली नाही. पण कालवा आता कोरडा झाला होता. त्याच्या एका सैनिकाला कुतूहल वाटले. तो आत चालत गेला आणि एका ठिकाणी खडकामुळे वाट अरुंद झालेली त्याला दिसली. ठोकाठोकीचा आवाज होऊ नये म्हणून तो खडक खरवडून वाट रुंद केली गेली. मग रात्री सुमारे चारशे माणसे त्यातून शहरात उतरली. बेलिसॅरियसचा सचिव प्रोकोपियस याने हे सारे लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी रोममध्ये स्वतः वेढ्यात सापडल्यावर बेलिसॅरियसने तिथले कालवे आतून बांधकाम करून बुजवले. धडा त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार!

आता आपल्याकडचे ‘आज्ञापत्र’. रामचंद्रपंत अमात्यांचा १७१५ मधला हा ग्रंथ सांगतो की, आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण झुंजीत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवून त्यांतले पाणी एरवी खर्चू नये. तोफांनी झरे आटतात का, हे भूजलाच्या जाणकारांनी सांगावे. मी पूर्वी तिथे हसून पुढे जात असे. राखीव टाक्यांचे कलम मला काटकसर वाटायचे. काटकसर नव्हेच ती. माझा हिशेब नांदत्या गडाचा होता, अमात्यांचा झुंजत्या गडाचा.

खेळात मी शेवटी चराच्या तोंडाशी जाळी बसवली, खटक्याने पडणारा दरवाजा केला, हौद भरला; आणि तरी झोप लागेना, म्हणून चर दगडांनी कायमचा बुजवला. उरले ते एक टाकेच.

जुन्या वह्यांत मी आता एक रकाना वाढवला आहे: पाणी कुठून येते? बहुतेक टाक्यांपुढे ‘पाऊस’ एवढेच लिहावे लागते, काहींपुढे ‘पाझर’.