लग्नाच्या जुन्या डिस्कसाठी स्वस्त डीव्हीडी प्लेअर कसा निवडावा?

अमरावती-अकोल्यातील अनेक घरांत लग्नाचे चित्रीकरण आजही व्हीसीडी किंवा डीव्हीडीवरच आहे. ते पाहायला साधा प्लेअर पुरतो. घेताना एवढे तपासा:

• डिस्क: व्हीसीडी आणि स्टुडिओने राइट करून दिलेली डीव्हीडी, दोन्ही चालायला हव्यात.
• जोडणी: जुन्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर, नव्याला एचडीएमआय. मूळ चित्रीकरण धूसर असेल, तर एचडीएमआयने ते स्पष्ट होत नाही.
• रीजन: भारताचा रीजन ५ आहे. घरगुती चित्रीकरणाला सहसा रीजनचे बंधन नसते.

दुकानात आपलीच डिस्क लावून पाहा. राइट केलेली डिस्क ऊन-उष्णतेने खराब होते आणि वऱ्हाडातला उन्हाळा कडक. म्हणून डिस्क चालते आहे तोवरच संगणकावर तिची प्रत काढून ठेवा.