जोडलेल्या हातांचा मागोवा

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने १८९१मध्ये ताहिती बेटावर येशूची आई मेरी रंगवली. अंगावर लाल फुलाफुलांचं वस्त्र, खांद्यावर बाळ. पुढे दोन ताहितीयन बायका हात जोडून उभ्या. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, देवापुढे असंच तर उभं राहतात. पण ताहितीत हा नमस्कार आला कुठून?

गोगँच्या सामानातून. शेअरबाजार सोडून चित्रकलेकडे वळलेला हा माणूस बायको आणि पाच मुलांना मागे ठेवून ‘आदिम’ जग शोधत निघाला होता. १८८७मध्ये मार्टिनिक झालं. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावाच्या नर्तकी पाहिल्या. जावातल्याच बोरोबुदूर या बौद्ध स्तूपाच्या शिल्पपटांचे फोटो त्याच्याकडे होते, तेच तो ताहितीला घेऊन गेला. मेरीपुढच्या बायका त्या फोटोंतून उतरल्या आहेत. बेटावर गवसलं म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्यातलं बरंच त्याने पॅरिसहून बांधून नेलं होतं. (तेरा-चौदा वर्षांच्या मुलींशी त्याने तिथे मांडलेले संसारही याच ‘नंदनवना’तले. ते झाकू नये.)

बोरोबुदूर साधारण इ.स. ८००च्या सुमाराचं. आर्यशूराच्या ‘जातकमाले’तल्या, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा तिथे दगडात कोरल्या आहेत आणि त्याच जातकमालेचे श्लोक अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात भिंतीवर लिहिलेले आहेत, बोरोबुदूरच्या कितीतरी आधी. इथे आम्हा मेहकरकरांचे कान टवकारतात. आमची पैनगंगा अजिंठ्याच्याच डोंगररांगेत उगम पावते. पूर्वेला वाशीम, म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं दान केलं. वऱ्हाडचा कारागीर जावाला गेला, असं म्हणायला आधार नाही. पण कथा समुद्रापार गेल्या, आणि त्या चितारायच्या रीतीही.

परतीची वाट चित्रकार अमृता शेरगिलची. पॅरिसमध्ये शिकताना तिला गोगँच्या चित्रांनी झपाटलं. १९३४मध्ये तिने स्वतःलाच ताहितीयन बाई म्हणून रंगवलं आणि त्याच वर्षी ती भारतात परतली. १९३६च्या अखेरीस, मुंबईतल्या प्रदर्शनानंतर, तिने अजिंठा पाहिला. पुढच्याच वर्षीच्या ‘ब्रह्मचारी’मध्ये गेरूसारखे सपाट रंग, जाड बाह्यरेषा, स्तब्ध बसलेली माणसं दिसतात. समीक्षक यातलं गोगँचं किती, अजिंठ्याचं किती, याची वाटणी करत बसतात. ती वाटणी मला निरर्थक वाटते. अजिंठा तिला एवढ्या लवकर उमगला, कारण त्या घराण्यातला एक दूरचा वारस तिने आधीच पॅरिसमध्ये पाहिला होता.